अर्थशास्त्र की व्यवस्थापन? निर्णयाआधी थोडा विचार

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते : पुढे काय? अर्थशास्त्र आणि व्यवसाय व्यवस्थापन ही नावे अशा वेळी एका दमात घेतली जातात. परंतु या दोन विद्यांचे प्रयोजन भिन्न आहे. महागाई का वाढते, व्याजदर बदलले की बचतीवर आणि गुंतवणुकीवर काय परिणाम होतो, याची कारणमीमांसा अर्थशास्त्र करते. माणसे, भांडवल आणि माल यांची सांगड घालून उद्योग कसा चालवावा, हे व्यवस्थापन शिकविते.

महाराष्ट्रात या अध्ययनाची परंपरा जुनी आहे. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ मध्ये सुरू झाले. १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची. डॉ. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक होते. आज तेथे अर्थशास्त्राचा बी.एस्सी. अभ्यासक्रमही उपलब्ध आहे.

गणिताचे महत्त्व

खरा निर्णय मात्र बारावीनंतर नव्हे, तर अकरावीत विषय निवडतानाच होऊन जातो. आधुनिक अर्थशास्त्र कलनशास्त्र आणि संख्याशास्त्र यांवर उभे आहे. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र (ऑनर्स) अभ्यासक्रमासाठी गणित अनिवार्य आहे आणि तेथील प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या सामायिक परीक्षेतून होतात. आयआयएम इंदूरने २०११ मध्ये बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक व्यवस्थापन अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्या प्रवेशपरीक्षेतही गणिती कौशल्याची कसोटी लागते. गणित सोडणाऱ्या विद्यार्थ्याला बी.कॉम. किंवा अनेक ठिकाणी बी.बी.ए. करता येते, परंतु काही दारे त्याच्यासाठी आधीच मिटलेली असतात.

पुढील वाटचाल

एम.बी.ए.साठी कोणत्याही शाखेचा पदवीधर पात्र ठरतो. त्यामुळे अर्थशास्त्राच्या पदवीधराला व्यवस्थापनाकडे वळणे तुलनेने सोपे जाते. उलट प्रवास कठीण असतो. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेसाठी अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते, याचीही जाणीव ठेवावी. ज्याला लवकर नोकरी करावयाची आहे किंवा घरचा व्यवसाय सांभाळावयाचा आहे, त्याला बी.बी.ए. वा बी.एम.एस. अधिक उपयुक्त ठरू शकेल. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले असल्याने मान्यतेची खातरजमा अवश्य करावी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता पदवी तीन किंवा चार वर्षांची असू शकते. म्हणून शुल्काचा आणि निवासखर्चाचा हिशेब चौथे वर्ष धरूनच मांडावा. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणतः अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. मात्र व्याजाची आकारणी पहिल्या हप्त्याच्या वितरणापासूनच होते. शिक्षण चालू असतानाच व्याज भरत गेल्यास पुढील भार हलका होतो. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील प्रवेशासाठी विनातारण कर्जाची सोय आहे. आपली संस्था त्या यादीत आहे काय, हे प्रवेशापूर्वीच पाहावे.

पाल्याचा कल, गणिताची तयारी आणि घरची आर्थिक क्षमता या तिन्ही गोष्टींचा मेळ बसला, तर यांपैकी कोणतीही वाट उणी नाही.