चौकट फिरवा, अक्षर मोडू नका

समजा, तुम्ही शारजात राहता. घरी दीड दिवसाचा गणपती येणार आहे आणि आईने सांगितलंय, "निमंत्रणाचं कार्ड या वर्षी तू कर." पाहुण्यांमध्ये मजल्यावरचे मराठी शेजारी आहेत, तुमचे शाळेतले मित्र आहेत आणि बाबांच्या ऑफिसमधलं एक अरबी कुटुंबही आहे. म्हणजे एकाच कागदावर मराठी, इंग्रजी आणि अरबी. तुम्ही वर्ड उघडता, टेक्स्ट बॉक्स काढता आणि अर्ध्या तासात वैतागता. कुठे मात्रा कापली जाते, कुठे जोडाक्षर फुटतं, घडी घातली की आतला मजकूर उलटा निघतो.

अशा वेळी "माझं मराठीच कच्चं आहे" असं वाटून आपण सगळं इंग्रजीत करून टाकतो. पण इथे दोष तुमच्या मराठीचा नसतो. टेक्स्ट बॉक्स कसा फिरतो आणि देवनागरी कशी बांधलेली असते, या दोन गोष्टी कळल्या की हे काम सोपं होतं.

आधी कागदाची घडी समजून घ्या

एक कोरा ए-फोर कागद उभा धरा. वरचा अर्धा भाग मागे दुमडा, मग डावी बाजू उजवीच्या मागे न्या. झालं कार्ड. आता कुठल्या पानावर काय येणार ते पेन्सिलीने लिहा आणि कागद पुन्हा उलगडा. खालचा उजवा चौकोन मुखपृष्ठ झाला, खालचा डावा मलपृष्ठ. आतली दोन्ही पानं कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात आहेत, आणि ती डोक्यावर उभी आहेत. म्हणून तो मजकूर 180 अंश फिरवूनच छापायला लागतो. छपाई मात्र कागदाच्या एकाच बाजूला होते, हा या घडीचा फायदा.

अरबी पुस्तक उजवीकडून उघडतं. त्यामुळे मराठी कार्डाचं जे मलपृष्ठ, तेच अरबी वाचणाऱ्यासाठी मुखपृष्ठ होऊ शकतं. तिथे काहीच फिरवायचं नाही. फक्त त्या बॉक्समधल्या परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे अशी निवडायची.

फिरवण्याचे दोन प्रकार

गोंधळ होतो तो इथे. वर्डमध्ये फिरवणं दोन तऱ्हेचं असतं.

पहिल्या प्रकारात अख्खा बॉक्स फिरतो. बॉक्सवर क्लिक केलंत की वरच्या बाजूला गोल बाणाची खूण दिसते. ती धरून ओढा. शिफ्ट दाबून ओढलंत तर बॉक्स 15-15 अंशांच्या टप्प्याने फिरतो. नेमका कोन हवा असेल तर 'शेप फॉरमॅट'मध्ये 'रोटेट', तिथून 'मोअर रोटेशन ऑप्शन्स', आणि आकडा टाइप करा. आपल्या कार्डासाठी 180.

दुसऱ्या प्रकारात बॉक्स जागीच राहतो, आतला मजकूर फिरतो. याचं नाव 'टेक्स्ट डायरेक्शन'. इथे वर्ड आडवं, 90 अंश आणि 270 अंश इतकेच पर्याय देतं. 180 नाही. म्हणून घडीच्या कार्डाला हा मार्ग चालत नाही. फाइलच्या कण्यावर किंवा कागदाच्या कडेला उभी पट्टी हवी असेल तर मात्र हाच बरा.

गूगल डॉक्स वापरत असाल तर टेक्स्ट बॉक्स 'इन्सर्ट'मधल्या 'ड्रॉइंग'मध्ये मिळतो. आणि कुठेही करा, क्रम एकच ठेवा: आधी सरळ लिहा, शुद्धलेखन तपासा, शेवटी फिरवा. उलट्या मजकुरातली चूक डोळ्याला सहज दिसत नाही.

उभं 'स्वागत'

आता दारावरची पट्टी. तुम्हाला 'स्वागत' वरून खाली, एकाखाली एक लिहायचंय. इंग्रजीत प्रत्येक लेटरनंतर एंटर मारलं की काम होतं. मराठीत तसं केलंत तर 'स्' पाय मोडून एकटा उरतो आणि 'वा' खाली जातो. काना किंवा वेलांटी एकटी पडली तर तिच्याशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. ते वर्तुळ म्हणजे कॉम्प्युटरची तक्रार: या खुणेचं अक्षर कुठे गेलं?

कारण असं की आपण 'स्वागत' या शब्दात तीन अक्षरं मोजतो: स्वा, ग, त. कॉम्प्युटरच्या साठ्यात मात्र सहा खुणा असतात: स, हलन्त, व, काना, ग, त. 'गणेशोत्सव' आपल्याला पाच अक्षरांचा, कॉम्प्युटरला नऊ खुणांचा. 'दिवाळी'तली ऱ्हस्व वेलांटी तर साठवली जाते द नंतर आणि दिसते त्याच्या आधी. फॉन्ट या खुणा जुळवून अक्षर घडवतो. मध्येच एंटर आलं की ती जुळणी तुटते.

म्हणून एकाखाली एक लिहायचं असेल तर अक्षर अख्खं ठेवून तोडा: स्वा, ग, त. नाहीतर शब्द सरळ ठेवून 90 अंशांत वळवा. उभ्या मजकुरासाठी युनिकोडचा मूळ नियमही तोच आहे. जपानी अक्षरं उभ्या ओळीत सरळ राहतात, देवनागरी आणि अरबी ओळीसकट आडवी होतात. दोन्ही लिप्या जोडून लिहायच्या आहेत. आपल्याला शिरोरेषा जोडते, अरबीत तर शेजारी कोण आहे यावर अक्षराचा आकार बदलतो.

फॉन्ट आणि अंतर

2017 मध्ये दुबई सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून 'दुबई' नावाचा फॉन्ट आणला. अरबी आणि रोमन, दोन्ही लिप्या त्यात एकमेकींना शोभतील अशा घडवल्या आहेत. कार्डाला तो लावायचा मोह होणारच. पण त्यात देवनागरी नाही. तुम्ही मराठी मजकुराला 'दुबई' निवडलात तरी प्रोग्रॅम गुपचूप दुसराच फॉन्ट वापरतो. तेव्हा मराठीचा फॉन्ट वेगळा आणि विचार करून निवडा. विंडोजमधला 'मंगल' घडवला तो र. कृ. जोशी यांनी. ते मराठीत कविता लिहीत आणि आयआयटी मुंबईत अक्षरकला शिकवत. कागदावर अक्षर कसं बसतं याचा आयुष्यभर विचार केलेल्या माणसाचा हा फॉन्ट आहे.

दोन सेटिंग्ज जपा. ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' ठेवून आकडा लहान दिलात की वरचे रफार, मात्रा, अनुस्वार कापले जातात, आणि 'मंदिर'चं 'मदिर' होतं. तिथे 'सिंगल' किंवा 'मल्टिपल' ठेवा. दुसरं, अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजी शीर्षकाला ते छान दिसतं, पण आपली शिरोरेषा ठिकठिकाणी तुटते.

शेवटची तपासणी

कार्ड छापून झालं की ते आजीला दाखवू नका, तिला सगळंच वाचता येतं. घरात जो सर्वात हळू मराठी वाचतो त्याला द्या. बहुधा तो तुमचा धाकटा भाऊ असेल, जो अक्षर अक्षर जुळवत वाचतो. पुण्यात त्याला रस्त्यावरच्या पाट्यांनी शिकवलं असतं. इथे पाट्या अरबी आणि इंग्रजी. वर्षभरात त्याच्या हातात येणारं छापील मराठी कदाचित एवढंच, तुमचं कार्ड. त्यावर 'स्' आणि 'वा' वेगळे पडले असतील तर तो अडखळेल, आणि चूक कार्डाची आहे हे त्याला कळणार नाही. त्याला वाटेल, मला मराठी येत नाही.

तो न अडखळता वाचू शकला, की मग प्रती काढा.