चोवीस सेकंदांची गोधडी

एकाच गोष्टीचे शे-सव्वाशे फोटो आहेत, त्यांची फिल्म करायची आहे. किती वेळ लागेल? ‘एक वीकेंड, बस्स!’ असं मीही ऑफिसात छाती ठोकून सांगितलं होतं. लागले तीन. त्यातला शेवटचा तर टेक्निकल कारणासाठी नव्हताच.

त्याचं झालं असं, की आजीनं एक दिवस जाहीर केलं, “तुझ्या लग्नासाठी गोधडी शिवायला घेतेय.” लग्नाचा पत्ता नाही, पण गोधडी सुरू! तिची जुनी लुगडी, आईच्या दोन सुती साड्या आणि बाबांचा एक बिचारा चौकड्यांचा शर्ट. मी ठरवलं, रोज एक फोटो काढायचा. हिंजवडीहून घरी पोचले की ट्रायपॉड लावायचा, फरशीवरच्या चिकटपट्टीच्या खुणांवर गोधडी पसरायची आणि क्लिक! कॅमेरा मात्र मॅन्युअलवर हं. ऑटोवर ठेवलात तर तो रोज आपल्या मर्जीनं उजेड ठरवतो आणि फिल्म बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखी लुकलुकते.

आयडिया माझी नाहीच. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून जास्त दिवस त्याचं थोडं थोडं चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ नावाची चिमुकली फिल्म केली. ती दाखवून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभं केलं. मला भांडवल नको होतं, आजीचे हात हवे होते.

पहिल्या वीकेंडला सगळे १३२ फोटो उचलून प्रीमिअरमध्ये टाकले. त्यानं प्रत्येक फोटोला पाच-पाच सेकंद दिले. अकरा मिनिटं! गोधडी कसली, कुणाच्या तरी लग्नाचा स्लाइड शो. मग कळलं, की सगळे फोटो उचलायचेच नसतात. इम्पोर्टच्या खिडकीत फक्त पहिला फोटो निवडायचा आणि ‘इमेज सिक्वेन्स’च्या चौकोनात टिक करायची. बाकीचे फोटो नंबर बघून आपोआप मागे येतात, पहिलीतल्या पोरांच्या रांगेसारखे.

पण रांग लागायला नंबर नीट हवेत ना! माझ्या फाइल्सची नावं १, २, ३ अशी. बरीच सॉफ्टवेअर्स नाव अक्षरागणिक वाचतात, त्यामुळे त्यांच्या लेखी १ नंतर १०, मग १००, आणि २ बापडा कुठेतरी मागे. गोधडी उसवतेय, शिवतेय, पुन्हा उसवतेय! उपाय साधा आहे. ००१, ००२ असे शून्य लावून सगळ्यांना एकदम नवी नावं द्यायची. त्यासाठी बॅच रीनेम असतं. एकेक नाव बदलत बसलात तर तुमचंही लग्न लांबेल.

दुसऱ्या वीकेंडला आफ्टर इफेक्ट्स. रांग बरोबर लागली, प्ले केलं आणि पाच महिन्यांची मेहनत पाच सेकंदांच्या आत खलास. ते सिक्वेन्सला सेकंदाला ३० फ्रेम्स धरून चाललं होतं. फुटेजवर राइट क्लिक करून ‘इंटरप्रेट फुटेज’मध्ये ३० च्या जागी ६ केले. आता चोवीस सेकंद. एकदम सही!

पण मध्येच दोन सेकंद पडद्यावर रंगीत पट्ट्या. दूरदर्शनवर कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी दिसायच्या ना, तशा. इम्पोर्ट करताना इशारा आला होता, बारा फ्रेम्स गायब आहेत म्हणून. मी घाईत ओके दाबलं होतं. आता नंबर पाहिले. ०६१ ते ०७२.

नंबर दिवसाचा होता. ते बारा दिवस आजी हॉस्पिटलमध्ये होती.

इलाज एका टिकचा आहे. इम्पोर्ट करताना ‘फोर्स अल्फाबेटिकल ऑर्डर’ केलं की सॉफ्टवेअर गाळलेले नंबर विसरतं आणि ०६० ला ०७३ चिकटतो. केलं मी ते. फिल्म गुळगुळीत झाली, पण बघवेना. ०६० पर्यंत शिवण रोज वीतभर पुढे सरकते. त्यानंतर चार बोटं, कधी दोनच. बघणाऱ्याला वाटेल, म्हातारी कंटाळली. ती कंटाळली नव्हती. तिचा हात थरथरत होता, सुईत दोरा मला ओवून द्यावा लागायचा. मधलं काहीच न दाखवता नुसता तो मंदावलेला हात दाखवणं मला खोटं वाटलं.

तिसरा वीकेंड याच घोळात गेला. शेवटी टिक काढली, पट्ट्या परत आणल्या आणि लॅपटॉप आजीपुढे ठेवला.

चष्मा लावून तिनं दोनदा पाहिलं. “हे मधलं रंगीत काय गं?”

“तू हॉस्पिटलात होतीस ना, ते दिवस.”

“मला वाटलं, माझ्या गोधडीला कुणी ठिगळ लावलं.”

“काढू का?”

“राहू दे. होतेच की मी तिथे.” मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, “पण पिवळ्याशेजारी आकाशी कोण लावतं? जरा विचारायचंस मला.”