कळफलकावर नसलेली चिन्हे

बेसिक या संगणकभाषेत पडद्यावर मजकूर उमटवायचा तर प्रिंट ही आज्ञा द्यायची आणि मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत लिहायचा. अडचण येते ती खुद्द अवतरणचिन्हच छापायचे असते तेव्हा. ते दिसले की मजकूर संपला, असे बेसिक समजते. अशा वेळी चिन्हाऐवजी त्याचा क्रमांक सांगतात: प्रिंट सीएचआर-डॉलर(३४). हे फंक्शन क्रमांक घेऊन चिन्ह देते. एएससी हे फंक्शन उलट, चिन्हावरून क्रमांक सांगते.

हे क्रमांक मुळात आस्की या १९६३ सालच्या अमेरिकी प्रमाणकाचे. त्यात ० ते १२७ एवढेच क्रमांक होते. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीने एका बाइटात मावणारे पुढचे १२८ क्रमांकही भरून काढले. पाउंड १५६, वर्गमूळ २५१, अंशाचे चिन्ह २४८, शिवाय युरोपीय अक्षरे. पण खरी चैन होती ती चौकटीच्या रेषांची. ग्राफिक्सशिवाय, निव्वळ मजकुराच्या पडद्यावर त्यांनी नेटके तक्ते आखता येत. दुहेरी चौकटीचे वरचे कोपरे २०१ आणि १८७, खालचे २०० आणि १८८, आडवी रेघ २०५, उभी १८६. आडवी रेघ पुन्हा पुन्हा लिहावी लागत नसे. स्ट्रिंग-डॉलर(७८, २०५) म्हटले की ७८ तुकडे सलग येत आणि दोन कोपरे धरून पडद्याचे ८० रकाने भरत. कुठली ओळ, कुठला रकाना हे लोकेट ही आज्ञा ठरवी. ऑल्ट कळ दाबून धरून अंकपट्टीवर २०५ टाइप केले तरी तीच रेघ उमटे.

पहिल्या ३२ क्रमांकांशी मात्र जपून वागावे लागे. १ वर हसरा चेहरा, ३ ते ६ वर पत्त्यांचे बदाम, चौकट, किलवर आणि इस्पिक. ही चिन्हे सरळ छापली जात. पण ७ छापायला सांगितला की पडद्यावर काही न येता बीप वाजे, १२ ने पडदा पुसला जाई, १३ ने कर्सर नव्या ओळीवर जाई. आस्कीत हे क्रमांक यंत्राला द्यायच्या सूचनांसाठी राखलेले होते. तरीही ७ चे चित्र, म्हणजे भरीव ठिपका, हवाच असेल तर प्रिंटला वगळून थेट पडद्याच्या स्मृतीत लिहिणे हा मार्ग होता. डेफ-सेग या आज्ञेने ती स्मृती निवडायची आणि पोक ०, ७ म्हणायचे. ठिपका डाव्या वरच्या कोपऱ्यात येई. प्रत्येक जागेला दोन बाइट लागत, एक चिन्हाचा आणि दुसरा रंगाचा. त्यामुळे ८० रकाने आणि २५ ओळींच्या पडद्याला ४००० बाइट पुरत.

क्रमांकाला चित्र कुठले, हे बेसिक ठरवत नसे; ते यंत्राच्या तक्त्यात असे. कमोडोर ६४ वर १४७ छापला की पडदा पुसला जाई, तर आयबीएम पीसीवर त्याच क्रमांकाला टोपीवाला ओ दिसे. त्यामुळे एका यंत्रासाठी आखलेली चौकट दुसऱ्यावर विस्कटत असे.

आयबीएम पीसीच्या तक्त्यात देवनागरीला जागाच नव्हती. जोडाक्षरे आणि मात्रा एका क्रमांकाला एक ठरीव चित्र या पद्धतीत बसतही नाहीत. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेल्या, संगणकात बसवायच्या जिस्ट कार्डाने ही कोंडी फोडली. १९९१ च्या इस्की प्रमाणकात भारतीय लिप्यांना वरच्या १२८ क्रमांकांत स्थान मिळाले. आता युनिकोडमध्ये अवतरणचिन्ह ३४ वरच आहे, भरीव चौकोन आयबीएमच्या २१९ वरून ९६०८ वर गेला आहे आणि देवनागरी ‘अ’चा क्रमांक २३०९ आहे.