‘टर्मिनेटर’: टळलेला प्रलय पुन्हा पुन्हा का येतो?

कार्यालयात कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी चर्चा सुरू झाली की कोणीतरी ‘स्कायनेट’चे नाव काढतोच. ‘टर्मिनेटर’ चित्रपटमालिकेतील मानवजातीवर उलटलेली ही संगणकप्रणाली. सहा चित्रपट पाहून झाल्यावर मात्र या मालिकेवरचा माझा विश्वास उडाला आहे आणि त्याचे कारण केवळ उत्तरोत्तर खालावलेली पटकथा हे नाही.

जेम्स कॅमेरॉन यांचा १९८४चा पहिला चित्रपट सुमारे ६४ लाख डॉलर खर्चात झाला. त्याची गोष्ट सरळ आहे. भविष्यातील मानवी बंडाचा नेता जॉन कॉनर जन्मालाच येऊ नये म्हणून यंत्रे त्याच्या आईच्या, साराच्या, मागावर एक मारेकरी भूतकाळात पाठवतात. १९९१च्या दुसऱ्या भागाने या पाठलागाला नैतिक वजन दिले. त्यातील माइल्स डायसन हा सभ्य, कुटुंबवत्सल संशोधक. आपल्याच संशोधनातून स्कायनेट उभी राहणार आहे हे कळल्यावर तो आयुष्यभराचे काम स्वतः नष्ट करायला तयार होतो आणि त्या प्रयत्नात प्राण गमावतो. शेवटी जॉनचा रक्षक झालेला यंत्रमानवही, आपल्यातील चिप कोणाच्या हाती लागू नये म्हणून, वितळलेल्या पोलादात उतरतो. भविष्य ठरलेले नसते, ते माणसाच्या निर्णयाने बदलते, असे हा चित्रपट सांगतो. संगणकक्षेत्रात काम करणाऱ्याला डायसनचा प्रसंग अस्वस्थ करणारच.

पुढे काय झाले? २००३च्या तिसऱ्या भागात कळते की प्रलय टळला नव्हता, लांबला होता. २००९च्या चौथ्या भागात तो होऊन गेलेला आहे. २०१५च्या ‘जेनेसिस’मध्ये खुद्द जॉनच यंत्रांच्या बाजूला गेलेला दिसतो. २०१९च्या ‘डार्क फेट’ने मधले तीनही भाग बाजूला सारले; पण आरंभीच जॉनचा बळी घेतला आणि स्कायनेटच्या जागी ‘लीजन’ नावाची दुसरी प्रणाली बसवली. लिंडा हॅमिल्टन यांची वयस्क, कडवट सारा पाहण्याजोगी आहे, हे मान्य. परंतु डायसन मेला कशासाठी, या प्रश्नाला मालिकेकडे आता उत्तर नाही.

या पुनरावृत्तीचे एक मूळ मालकीहक्कांच्या इतिहासात आहे. पहिला चित्रपट आपल्यालाच दिग्दर्शित करता यावा म्हणून कॅमेरॉन यांनी आपले हक्क निर्मात्या गेल अॅन हर्ड यांना एका डॉलरला विकले होते. दुसऱ्या भागाची निर्माती कंपनी कॅरोल्को १९९५मध्ये दिवाळखोरीत गेली. चौथा भाग काढणाऱ्या हॅल्सियनचीही चित्रपट आला त्याच वर्षी तीच गत झाली आणि २०१०मध्ये हे हक्क तिच्या धनको असलेल्या गुंतवणूक संस्थेने २ कोटी ९५ लाख डॉलरला घेतले. इतकी रक्कम मोजून कोणी संपलेली गोष्ट विकत घेत नाही. चौथा, पाचवा आणि सहावा हे तिन्ही भाग नव्या चित्रत्रयीचा आरंभ म्हणून योजले गेले. एकाचाही पुढचा भाग आला नाही. दोष केवळ परक्या हातांचाही नाही, कारण ‘डार्क फेट’चे एक निर्माते स्वतः कॅमेरॉनच होते.

दुसऱ्या भागासाठी एक वेगळा शेवट चित्रित झाला होता आणि प्रदर्शनापूर्वी तो वगळण्यात आला. त्यात वृद्ध सारा वॉशिंग्टनमधील एका उद्यानात बसली आहे, प्रलय कधी आलाच नाही, सिनेटर झालेला जॉन आपल्या मुलीशी खेळतो आहे. दृश्य काहीसे गोडगोड आहे आणि अभिनेत्रीचा वृद्धत्वाचा मेकअपही फारसा पटत नाही. डीव्हीडीच्या काही आवृत्त्यांमध्ये ते आहे. सातव्या भागाची वाट पाहणाऱ्यांनी ते एकदा पाहावे. मी तरी मालिका तिथेच संपली असे धरून चालतो.