रानातील अवशेष आणि कोरीव लेखांचा काळ : कर्नाळ्याचे उदाहरण

प्रास्ताविक

कोरीव लेख हे भाषेच्या इतिहासाचे पहिल्या प्रतीचे साधन मानले जाते. पोथीच्या नकला होताना नकलकाराच्या हातून शब्दरूपे बदलत जातात. दगडावरील मजकूर मात्र कोरला गेला त्याच रूपात आपल्यापर्यंत पोहोचतो. तथापि, लेखाचा काळ ठरल्याशिवाय त्यातील शब्दरूपे कोणत्या काळातील मराठीची, हे सांगता येत नाही. अलिबागजवळील आक्षी येथील शिलालेखाचे साल डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असे वाचले आणि त्या वाचनामुळेच मराठीच्या आद्य लेखांत त्याला स्थान मिळाले. एका आकड्यावर केवढे निष्कर्ष अवलंबून असतात, हे यावरून ध्यानात येईल. या घटकात आपण हाच प्रश्न पनवेलजवळच्या एका किल्ल्याच्या आधारे पाहू.

१. कर्नाळा : स्थळ आणि लेख

पनवेलपासून सुमारे १२ किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गालगत कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या या अभयारण्याच्या दाट झाडीतून वर चढत गेल्यावर पडके दरवाजे, ढासळलेली तटबंदी, पाण्याची टाकी आणि अंगठ्यासारखा उभा राहिलेला कातळसुळका दिसतो. या किल्ल्यावर दोन लेखांची नोंद आहे. खालच्या दरवाजाच्या आतील बाजूस मराठी लेख आहे; त्यावर साल नाही. वरच्या दरवाजापाशी फारसी लेख आहे. त्यात सय्यद नुरुद्दीन महंमद खान हे नाव आणि हिजरी ११४६ हे साल वाचले गेले आहे. या सालापुढे इ. स. १७३५ असे रूपांतर छापलेले आढळते. आता हे रूपांतर आपण स्वतः तपासू.

२. एक आकडा, चार काळ

हिजरी वर्ष चांद्र असून सुमारे ३५४ दिवसांचे असते. त्यामुळे ३३ हिजरी वर्षे ही साधारणतः ३२ सौर वर्षांइतकी भरतात. म्हणून हिजरी सालात नुसते ६२२ मिळवून चालत नाही. आधी त्या सालाचा तेहतिसावा भाग वजा करावा आणि मग ६२२ मिळवावे. ११४६ चा तेहतिसावा भाग सुमारे ३५. तो वजा केल्यास ११११ उरतात. त्यात ६२२ मिळवता १७३३ येतात. प्रत्यक्षात हिजरी ११४६ हे वर्ष जून १७३३ ते जून १७३४ या काळात पडते. म्हणजे छापील १७३५ त्याच्याशी जुळत नाही. एक तर आकड्याच्या वाचनात चूक असावी, किंवा रूपांतरात.

दुसरीही एक शक्यता तपासावी लागते. दख्खनमध्ये त्या काळी एकाहून अधिक गणना चालत होत्या. ११४६ हा आकडा शालिवाहन शकाचा मानल्यास (अधिक ७८) इ. स. १२२४-२५ येते. फसली सनाचा मानल्यास (अधिक ५९०) १७३६-३७ येते. सुहूर सनाचा मानल्यास (अधिक ५९९) १७४५-४६ येते. जुन्या मराठी पत्रांत सुहूर सन अरबी संख्यावाचक शब्दांनी लिहिलेला असतो. ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे पाच, सत्तर आणि हजार, मिळून १०७५. त्यात ५९९ मिळवले की राज्याभिषेकाचे साल, १६७४, येते.

हा फरक केवळ गणिताचा नाही. १७३३ मध्ये पेशव्यांनी जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध मोहीम सुरू केली आणि १७४० च्या सुमारास कर्नाळा पेशव्यांकडे आला. लेख १७३३-३४ चा मानला तर तो त्या धामधुमीच्या आरंभीचा आणि पेशव्यांच्या ताब्यापूर्वीचा ठरतो. १७४५ चा मानला तर तो पेशव्यांच्या अमलातील ठरतो आणि त्यातील खानाचे स्थान पूर्णपणे वेगळ्या रीतीने समजून घ्यावे लागते.

मराठी लेखाबाबत अधिक सावध राहावे. फारसी लेखाचे साल उचलून त्याला लावणे सयुक्तिक नाही. एका किल्ल्यावरील दोन दरवाजांचे लेख एकाच वेळचे असतीलच असे नाही. तेथे अक्षरांचे वळण, लेखनपद्धती आणि शब्दरूपे यांवरून स्थूल काळ सांगता येतो. नेमके वर्ष सांगता येत नाही.

३. तुलनेसाठी : माया संस्कृतीचे लेख

असाच पेच मध्य अमेरिकेतील माया लोकांच्या अरण्यात बुडालेल्या नगरांबाबतही पडला होता. ग्वाटेमालातील टिकाल येथील शिलास्तंभांवरचे शब्द कळण्याच्या आधीच त्यांवरील दिनांक अभ्यासकांना उलगडले होते. परंतु ते इसवी सनाशी जोडायचे कसे, यावर मतभेद होते. गुडमन यांनी १९०५ मध्ये मांडलेली सांगड आणि स्पिंडन यांची सांगड यांत सुमारे २६० वर्षांचे अंतर पडत होते. अखेर टिकालच्या देवळांतील दारांवरच्या लाकडी तुळयांची कार्बन चाचणी झाली आणि तिने गुडमन यांच्या बाजूने कौल दिला. शब्दांच्या वाचनाला योग्य दिशा मिळाली ती १९५२ मध्ये, युरी क्नोरोझोव्ह यांच्या मांडणीमुळे. तेथेही निर्णायक पुरावा पुस्तकात नव्हता, तर जागेवर उभ्या असलेल्या वास्तूत होता.

४. प्रत्यक्ष भेट : निरीक्षण आणि नोंद

कर्नाळ्यावर जाताना पुढील गोष्टी पाळा.

- सकाळी वा संध्याकाळी जा. तिरप्या उन्हात कोरीव अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि झिजलेले अक्षरही उठून दिसते.
- अक्षरांत खडू, कोळसा वा रंग भरू नका. तुम्ही भरलेली रेघ पुढच्या वाचकाला मूळ रेघ वाटेल आणि तुमची चूक दगडावर कायम होईल.
- शेवाळ खरवडू नका. बेसाल्टचा झिजलेला पापुद्रा त्यासोबत निघून येतो.
- छायाचित्रात मोजपट्टी ठेवा. लेखाची जागा, दिशा आणि ओळींची संख्या टिपा.
- न कळलेले अक्षर अंदाजाने भरू नका. तेथे टिंबे द्या.
- सुळक्यावर आग्यामोहोळे असतात. गोंगाट व धूर टाळा.

सारांश

अवशेषांना भेट देणे म्हणजे एक मूळ संहिता वाचणे होय. पुस्तकातील साल हे कोणीतरी केलेले वाचन असते. ते तपासण्याचा अधिकार आणि जबाबदारी प्रत्येक अभ्यासकाची आहे. दरवर्षीच्या पावसाने लेख थोडा झिजतो. म्हणून तुमची आजची काळजीपूर्वक नोंद उद्याच्या संशोधकाचा आधार ठरू शकते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. हिजरी १०८५ चे इसवी सनात रूपांतर करा. नुसते ६२२ मिळवल्यास किती वर्षांची चूक होते?

२. साल नसलेल्या मराठी लेखाचा काळ कोणत्या गमकांवरून ठरवाल?

३. तुमच्या तालुक्यातील एखाद्या कोरीव लेखाची वरील पद्धतीने नोंद करा आणि उपलब्ध छापील वाचनाशी ती ताडून पाहा.