छपरावरचे ऊन आणि वीजबिल

शिरोड्याची मिठागरे १९३०च्या सत्याग्रहामुळे आपल्या परिचयाची आहेत. उन्हाळ्यात पिकलेले मीठ पावसाळ्यासाठी राखून ठेवावे लागते. छपरावरच्या सौरविजेचा हिशोबही काहीसा असाच. उन्हाळ्यात जादा झालेली युनिटे आपल्या खाती जमा होतात आणि आषाढात, आभाळ भरलेले असताना, वापरातून वजा होतात. मार्चअखेर उरलेल्या युनिटांना मात्र कमी दर मिळतो.

फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घरांसाठी दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये अनुदान ठरले. तीन किलोवॅटला ७८,०००. त्यापुढे वाढ नाही. मग संच केवढा घ्यावा? एक किलोवॅटपासून महिन्याला सरासरी सुमारे १२० युनिटे मिळतात. बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. विद्यार्थ्यांना आपापल्या घरची वर्षाची सरासरी काढायला सांगावी. ती १२० भरली, तर विक्रेता काहीही म्हणो, एक किलोवॅट पुरे! पैसे आधी आपणच घालायचे; अनुदान संच सुरू झाल्यावर बँकेत येते.

दुकानांना, खानावळींना हे अनुदान नाही. पण त्यांचा बराच वापर दिवसाच असतो. त्यांनीही हा हिशोब एकदा मांडून पाहावा असे आम्हांला वाटते.