मरुभूमीतील राष्ट्रीय उद्यान

वाळवंट म्हणजे वाळूचा निर्जीव सागर, अशी सर्वसाधारण समजूत आहे. राजस्थानातील जैसलमेर व बाडमेर या जिल्ह्यांत पसरलेले मरू राष्ट्रीय उद्यान पाहिले असता ती समजूत टिकत नाही. याचे क्षेत्रफळ ३,१६२ चौरस किलोमीटर आहे. नावाने राष्ट्रीय उद्यान असले, तरी १९८० साली त्याची घोषणा अभयारण्य म्हणून झाली. त्याच्या सीमेत गावे असून लोक तेथे गुरे, शेळ्यामेंढ्या व उंट पाळतात.

या प्रदेशात वाळूच्या टेकड्या आहेत, तसेच खडकाळ पठारे आणि गवताळ माळही आहेत. जैसलमेरनजीकच्या अकल येथे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे अश्मीभूत बुंधे सापडतात. आजच्या उजाड भूमीवर एके काळी अरण्य होते, याची ते साक्ष देतात.

येथे वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. अरबी समुद्रावरून येणारे वारे अरवलीच्या रांगेला समांतर वाहत असल्यामुळे ते अडून वर चढत नाहीत. शिवाय वरच्या थरांतील कोरडी हवा ढगांची वाढ रोखते. आकाश निरभ्र व भूमी कोरडी असल्यामुळे दिवसा वाळू झपाट्याने तापते आणि रात्री तितक्याच झपाट्याने निवते. उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. हिवाळ्यातील काही रात्री तो गोठणबिंदूजवळ येतो.

अशा परिस्थितीत सेवण गवताची मुळे वाळू धरून ठेवतात. खेजडीची, म्हणजेच आपल्या शमीची, मुळे खोलवरचा ओलावा शोषून घेतात. चिंकारा हरिण पाला व गवत यांतील ओलाव्यावर पुष्कळ दिवस काढू शकते. शाकाहारी सांडा सरडा बिळाच्या आश्रयाने उन्हापासून बचाव करतो आणि थंडीचे दिवस तेथेच निद्रेत घालवतो. खोकड, रानमांजर, फुरसे व गिधाडे हीही येथे आढळतात.

या उद्यानाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे माळढोक पक्षी. राजस्थानात त्यास गोडावण म्हणतात. तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. हा पक्षी सुमारे एक मीटर उंच असून नराचे वजन १५ किलोग्रॅमपर्यंत भरते. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. ते कुत्र्याकोल्ह्यांच्या तोंडी पडले, तर त्या वेळची वीण वाया जाते. डोळे बाजूंना असल्यामुळे या पक्ष्यास समोरचे नीट दिसत नाही, आणि जड देहामुळे उडताना चटकन वळता येत नाही. त्यामुळे उच्चदाबाच्या विजेच्या तारांवर आदळून अनेक माळढोक मरण पावतात.

महाराष्ट्रात सोलापूरजवळील नान्नजच्या माळावर याच पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. परंतु तेथून तो जवळजवळ नाहीसा झाला. आता जगातील बहुतेक माळढोक थरच्या वाळवंटात उरले आहेत आणि त्यांची संख्या दीडशेच्या आसपास मानली जाते. २०१९ साली जैसलमेर जिल्ह्यातील सम येथे त्यांचे बंदिस्त प्रजनन सुरू झाले. २०२४ साली कृत्रिम रेतनाने पहिले पिल्लू जन्मास आले. हे यश मोलाचे खरे. तथापि पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्यास अखेरीस मोकळा माळ व निर्धोक आकाश हवेच. ते राखले नाही, तर नान्नजची कथा थरमध्येही घडेल.